तळ्याचा जागल्या कोण?

मुलांनो, नगरला कधी आलात, तर शहराच्या पूर्वेला एका डोंगरावर आठ कोनांची उंच दगडी इमारत दिसते. एसटीत शेजारी बसलेला माणूस हमखास बोट दाखवून सांगतो, "तो बघा चांदबीबीचा महाल!" आपणही मान डोलावतो. पण गंमत अशी, की तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती आहे सलाबतखानाची कबर!

हा सलाबतखान कोण? सोळाव्या शतकात नगरला निजामशाही होती. त्या घराण्यातल्या मूर्तजा निजामशहाचा हा वजीर. वजीर म्हटला की आपल्याला लढाया आणि कारस्थानं आठवतात. पण या वजिराचं नाव पाण्याशी जोडलेलं आहे. त्या काळात नगर शहराला दूरदूरच्या गावांतून पाणी यायचं. जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ टाकलेले होते. त्यांना म्हणतात खापरी नळ. आणि नगर तालुक्यातल्या भातोडी गावाजवळ मेहकरी नदी अडवून जे मोठं तळं बांधलं, तेही सलाबतखानानेच बांधवून घेतलं, असं मानलं जातं.

आता नगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नवं नाव मिळालं आहे. ज्या अहिल्याबाईंचं हे नाव, त्याही याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. त्यांनी देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. म्हणजे नाव जुनं घ्या की नवं, पाण्याची आठवण दोन्हीकडे आहेच!

या लेखात आपण तळी बांधणाऱ्यांपेक्षा तळी राखणाऱ्यांची गोष्ट पाहणार आहोत. कारण तळं बांधायला चार-पाच वर्षं लागतात. राखायचं मात्र कायमचं असतं.

तळ्याने लढाई जिंकली!

भातोडीच्या तळ्याची एक थरारक गोष्ट आहे. साल १६२४. निजामशाहीचा कारभार तेव्हा मलिक अंबराच्या हाती होता. त्याच्यावर एकीकडून मोगलांचं आणि दुसरीकडून विजापूरच्या आदिलशाहीचं, असं मिळून प्रचंड सैन्य चालून आलं. समोरासमोर लढून निभाव लागणं कठीण होतं. मग मलिक अंबराने काय केलं? भातोडीच्या तळ्याचा बांध फोडला! पाणी धो धो करत मैदानात पसरलं. सगळीकडे चिखलच चिखल. शत्रूचे घोडे, हत्ती, तोफा, सगळं त्यात रुतून बसलं. लढाई मलिक अंबराने जिंकली.

या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी राजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सख्खे चुलते, इथेच धारातीर्थी पडले. त्यांची समाधी भातोडी पारगावला आहे.

गोष्ट ऐकून अंगावर शहारे येतात, नाही का? पण जरा थांबा आणि दुसऱ्या बाजूने विचार करा. एक बांध फुटला, तर अख्ख्या फौजेची दाणादाण उडते. मग तेच पाणी एखाद्या रात्री झोपलेल्या गावावर गेलं तर?

लढाई संपली, फौजा निघून गेल्या. पुढे कितीतरी काळ या तळ्याची आबाळ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने ते दुरुस्त केलं. सलाबतखान गेला, निजामशाही गेली, मोगल गेले, इंग्रजही गेले. तळं मात्र आहे. ते का टिकलं? बांधलं चांगलं होतं म्हणून, आणि मोडल्यावर कुणीतरी परत उभं केलं म्हणून. या दोन कारणांतलं दुसरं कारण आपण नेहमी विसरतो.

पाळ म्हणजे मातीचा ढीग नव्हे

तळ्याच्या बांधाला आपल्याकडे पाळ म्हणतात. लांबून पाहिली, तर पाळ म्हणजे मातीची लांबलचक टेकडी वाटते. वरून बैलगाडी जाते, शेळ्या चरतात, पोरं घसरगुंडी खेळतात. पण ही टेकडी आतून कशी असते, ठाऊक आहे?

पाळीच्या मधोमध असतो गाभा. तो चिकण काळ्या मातीचा. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते. या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचं जाड आवरण असतं. ते गाभ्याला आधार देतं. पाण्याकडच्या उतारावर दगड रचलेले असतात, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही. त्याला पिचिंग म्हणतात. गावाकडच्या उतारावर गवत असतं. ते पावसाच्या धारांपासून माती धरून ठेवतं. शेताला पाणी सोडायला पाळीच्या पोटातून मोरी काढलेली असते.

आणि पाळीच्या एका बाजूला असतो सांडवा. तळं भरलं की जादा पाणी या वाटेने बाहेर पडतं. सांडवा मुद्दाम पाळीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलेला असतो. का बरं? कारण मातीच्या पाळीवरून पाणी कधीच वाहू द्यायचं नसतं. दगडी भिंतीवरून एक वेळ पाणी गेलं तर चालेल, पण मातीवरून गेलं, की ते आधी ओघळ पाडतं, ओघळाची घळ होते आणि बघता बघता भगदाड पडतं. म्हणून सांडवा हा तळ्याचा जीव वाचवणारा दरवाजा आहे.

आता गावात काय होतं ते पाहा. पावसाळा कमी झाला, की कुणाला तरी वाटतं, सांडव्यावर मातीची पोती टाकू, फळ्या लावू, म्हणजे हातभर पाणी जास्त साठेल. कुणी सांडव्याच्या आडवं माशांचं जाळं लावतं. त्यात काडीकचरा अडकतो. सांडव्यापुढची जागा वर्षभर कोरडी असते, म्हणून कुणी तिथे ज्वारी पेरतं. हातभर पाण्याचा मोह प्रत्येकाला पडतो. पण ज्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस येईल, त्या रात्री पाणी दरवाजा शोधत येणार. दरवाजा बंद असला, तर ते पाळीवरून उडी मारणार!

"बाई, धरण बी म्हातारं व्हतं का?"

हे सगळं आमच्या चौथीच्या वर्गात सांगत होते, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, धरण बी म्हातारं व्हतं का?" सगळा वर्ग खो खो हसला. पण प्रश्न अगदी नेमका होता. होतं ना! माणसासारखंच होतं.

म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळ होतात, सांधे दुखतात. पाळीचंही तसंच. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने माती दबते आणि माथा मध्येच खचतो. पिचिंगचे दगड निसटतात. काही तर लोकच घराच्या पायाला उचलून नेतात! पाळीवर बाभळी आणि वेड्या बाभळी उगवतात. "झाड आहे तर माती धरून ठेवेल की," असं आपल्याला वाटतं. छोट्या गवताबद्दल ते खरं आहे. मोठ्या झाडाचं उलटं होतं. त्याची मुळं पाळीत खोल शिरतात. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या तयार होतात. पाण्याला आयती वाट! घुशी, उंदीर आणि खेकडेही बिळं करतात. त्यातच कुणी पाळ कोरून मोटारीचा पाइप टाकतं, तर कुणी पाळीच्या पायथ्याचा मुरूम ट्रॉलीत भरून नेतं.

दगडी धरणंही म्हातारी होतात. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे. पावसाळ्यात सहलीला जाऊन तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिथला छत्रीसारखा पडणारा अंब्रेला धबधबा पाहिला असेल. हे धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. उंची सुमारे ८२ मीटर. २०२६ साली या धरणाला शंभर वर्षं होतात. पण मध्येच, १९६९ साली, या भक्कम भिंतीला तडा गेला आणि गळती वाढली. तेव्हा काय केलं? धरणातलं पाणी उतरवलं आणि पुढे भिंतीला मागून जाडजूड आधारभिंती बांधून टेकू दिला. आजोबांना हातात काठी द्यावी, तसंच की! दुखणं वेळेवर दिसलं, म्हणून औषध वेळेवर मिळालं. आज प्रवरेकाठची शेती त्याच धरणाच्या पाण्यावर उभी आहे.

करून पाहा

पाळ आतून कशी फुटते, हे घरच्या घरी पाहता येतं. आई-बाबांना विचारून अंगणात करा.

एक पसरट घमेलं घ्या. त्याच्या मधोमध ओल्या मातीची वीतभर उंच पाळ घाला आणि चांगली थापटा. एरंडाच्या पानाचा देठ पोकळ असतो, ठाऊक आहे ना? असा एक देठ पाळ घालतानाच तिच्या तळाशी आडवा ठेवा. त्याची दोन्ही टोकं बाहेर दिसू द्या. पाळ जरा सुकली की देठ हलकेच ओढून काढा. झालं घुशीचं बीळ! आता एका बाजूला हळूहळू पाणी ओता आणि दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवा.

आधी बारीक धार येईल. ती धार गढूळ असेल. गढूळ का? कारण पाणी जाता जाता बिळाच्या कडेची माती सोबत नेतं. माती गेली की बीळ मोठं होतं, बीळ मोठं झालं की धार मोठी होते आणि धार मोठी झाली की माती आणखी जाते. थोड्याच वेळात वरची माती धपकन खाली बसेल. वरून पाहणाऱ्याला वाटेल, पाळ अचानक फुटली. पण तुम्ही तर पाहिलंत, ती अचानक फुटली नाही!

हीच गोष्ट खऱ्या तळ्यालाही लागू पडते. मातीच्या पाळीतून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझर स्वच्छ असेल आणि रोज तेवढाच असेल, तर ठीक. पण पाझर गढूळ झाला, एकाएकी वाढला, किंवा पायथ्याशी जमिनीतून उकळी फुटल्यासारखं पाणी वाळू घेऊन वर येऊ लागलं, तर समजा, पाळ हाका मारते आहे. पाण्याचा रंग पाहायला इंजिनिअर असावं लागत नाही. तिथे रोज जाणारं माणूस मात्र असावं लागतं.

दोन रात्री

पुण्याची गोष्ट तुमच्या आजी-आजोबांना विचारा. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. धोका दिसला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर खपून वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही. पण ते रात्रीच्या अंधारात फुटायचं ते सकाळपर्यंत तगलं आणि हजारो लोकांना पळायला उजेड मिळाला. त्या लोंढ्याने खाली असलेलं खडकवासल्याचं जुनं धरणही फोडलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. रात्रभर जागणाऱ्या माणसांनी काय वाचवलं, ते त्या दिवशी पुण्याने पाहिलं.

दुसरी रात्र अलीकडची आहे. २ जुलै २०१९. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण. मातीचं धरण, वय जेमतेम वीस वर्षं. भातोडीपुढे अगदी तान्हं बाळ! त्या रात्री ते फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. त्यात तुमच्याएवढी मुलंही होती. धरण खेकड्यांमुळे फुटलं, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि त्यावरून लोक फार संतापले. लोकांचा राग समजण्यासारखा होता. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. खेकडा बीळ करतो, हे खरंच. पण बीळ शोधायचं, बुजवायचं आणि तक्रार आली की धावून जायचं, हे काम तर माणसांचंच ना?

तिवरेची गोष्ट आपल्याला दोन गोष्टी सांगते. एक, तरुण पाळसुद्धा फुटते. नुसत्या वयाला घाबरू नका, आबाळीला घाबरा. आणि दुसरी, गावाने नुसतं पाहून आणि सांगून भागत नाही. सांगितलेलं काम झालं की नाही, याचा पाठपुरावा करावा लागतो. तोही लेखी!

सरकारचं तळं की आपलं?

"ते सरकारचं काम आहे," हे वाक्य आपण रोज ऐकतो. त्यात तथ्य आहे. दुरुस्तीला पैसा लागतो, यंत्रं लागतात, जाणकार माणसं लागतात. ते सरकारने द्यायलाच हवं. मोठी धरणं जलसंपदा विभागाकडे असतात. लहान तलाव, पाझर तलाव आणि बंधारे जलसंधारण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे असतात. २०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. त्यानुसार धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक धरणांना लागू आहे. १५ मीटर म्हणजे पाच मजली इमारत. तुमच्या गावची पाळ पाच मजली उंच आहे का? बहुतेक गावांची नसते. मग त्या हजारो लहान पाळींकडे रोज कोण पाहणार?

पूर्वी प्रत्येक गावात जागल्या असायचा. रात्री गावाची राखण करायची, काही विपरीत दिसलं तर हाक द्यायची, हे त्याचं काम. धुळे जिल्ह्यात पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे आणि पाट काढून पाणी वाटून घेण्याची जुनी फड पद्धत आहे. तिच्यात पाणी सोडणारा पाटकरी असे आणि राखण करणारा जागल्याही असे. त्यांचा मोबदला शेतकरी मिळून देत. पाटातला गाळही सगळे मिळून काढत.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या भागात मालगुजारी तलाव आहेत. तिथला कोहळी समाज तळी बांधण्यात निष्णात. काही तळी तर कित्येक पिढ्यांपूर्वीची आहेत. ती गावं पाळीवर माती टाकत, गाळ काढून शेतात नेत, मासे वाटून घेत. १९५० नंतर मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीत अन्याय पुष्कळ होता, ती संपली हे बरंच झालं. पण तिच्याबरोबर "हे तळं आपलं" ही भावनाही ओसरली. सरकारचा माणूस लांब आणि गावाचा हात आखडलेला. मधल्या मध्ये अनेक तळी गाळाने भरली.

आपल्याकडेच असं होतं, असं नाही हं. जपानमध्ये भातशेतीसाठी बांधलेली दीड लाखाच्या वर लहान तळी आहेत. कितीतरी शेकडो वर्षं जुनी. तिथे सुगी झाली की गावकरी तळं रिकामं करतात, गाळ काढतात, पाळ तपासतात आणि मासे वाटून घेतात. काम ते काम आणि जेवण ते जेवण! पण तरुण शहरात गेले, गावात म्हातारी माणसं उरली आणि तळ्यांकडे पाहणारं कुणी राहिलं नाही. २०१८च्या जुलैत तिथे अतिवृष्टीत कितीतरी तळी फुटली. मग २०१९ साली जपानने कायदा करून प्रत्येक तळ्याची नोंद आणि त्याचा जबाबदार माणूस ठरवायला घेतला. म्हणजे प्रश्न तोच : तळ्याचा जागल्या कोण?

राळेगणचं गळकं तळं

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडतं. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. हा सगळा भाग पर्जन्यछायेचा. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. राळेगणला वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस. तोही भरवशाचा नाही.

गावात सरकारने बांधलेला पाझर तलाव होता. पण तो गळका! पावसाळ्यात भरायचा आणि पाहता पाहता रिकामा व्हायचा. लोक त्याच्याकडे बघून हळहळायचे आणि पुढे जायचे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. त्यांनी गावाला गोळा केलं आणि श्रमदानाने त्या तलावाची पाळ दुरुस्त करायला घेतली. पाळ दुरुस्त झाली, पाणी थांबलं आणि जमिनीत मुरू लागलं. त्या उन्हाळ्यात तलावाखालच्या विहिरींना पाणी राहिलं. तोवर असं कधी झालं नव्हतं.

राळेगणच्या पुढच्या सगळ्या कामांची चर्चा जगभर झाली. पण सुरुवात कुठून झाली, ते लक्षात ठेवा. नव्या धरणातून नव्हे, जुन्याच तळ्याची गळती बुजवण्यातून झाली.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पुढचा धडा दिला. तिथे दर वर्षी पाऊस मोजतात आणि गावात किती पाणी आहे याचा हिशोब ग्रामसभेत मांडतात. त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. पाण्याचा हिशोब जसा ग्रामसभेत मांडता येतो, तसा पाळीचा का मांडता येऊ नये?

चला, कामाला लागू या

"आम्ही लहान, आम्ही काय करणार?" असं म्हणू नका. पाळीला पहिल्यांदा डोळे लागतात आणि तुमचे डोळे आमच्यापेक्षा तेज आहेत. पण एक अट : पाळीवर एकट्याने जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, बिळात हात घालायचा नाही. विंचू-सापांची घरं असतात ती! शिक्षक किंवा घरचं मोठं माणूस सोबत हवंच. आणि तळं भरून वाहत असेल, तेव्हा तिकडे फिरकायचंही नाही.

* शाळेत एक 'तळेवही' सुरू करा. पहिल्या पानावर तळ्याचं नाव, कधी बांधलं, कुणी बांधलं, कोणत्या खात्याकडे आहे, हे आजी-आजोबांना आणि ग्रामपंचायतीत विचारून लिहा.
* तळं कोणत्या तारखेला भरलं, सांडवा कधी वाहू लागला, कधी थांबला, ते दर वर्षी लिहा. पाच वर्षांनी ही वही इंजिनिअरलाही उपयोगी पडेल.
* पायथ्याच्या पाझराचं पाणी मोठ्या माणसाकडून काचेच्या ग्लासात आणून घ्या आणि तासभर ठेवा. तळाला माती बसली, तर तारीख घालून लिहा आणि त्याच दिवशी सरपंचांना सांगा.
* पाळीवर नवी भेग, खचलेला माथा, ओली झालेली जागा, मोठं बीळ किंवा उगवतं बाभळीचं रोप दिसलं, तर लांबूनच जागा नोंदवा. चित्र काढा.

आणि पालकांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. बिळात माती कोंबणं, मोठं झाड मुळासकट उपटणं, गळतीवर सिमेंट ओतणं, असे उपाय मनाने करू नका. त्याने रोग बरा होत नाही, लपतो. ते काम जाणकारांचं. आपलं काम म्हणजे सांडवा मोकळा ठेवणं, पाळीवरची रोपं लहान आहेत तोवर काढणं, पाळीचा मुरूम आणि दगड नेणाऱ्याला अडवणं. तो आपलाच भाऊबंद असला तरी! उन्हाळ्यात तळ्यातला गाळ शेतात न्यायला २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. फक्त गाळ काढताना पाळीच्या पायथ्याशी खोदू नका. तिथली माती पाळीचे पाय आहेत.

आपल्याकडे साधारणपणे १ मे आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी पावसाळा सरताना. तपासणीला याहून चांगला मुहूर्त कुठला? एप्रिलच्या शेवटी चार मोठी माणसं आणि शाळेची तळेवही, अशी पाळीवर चक्कर मारा. काय दिसलं ते १ मेच्या ग्रामसभेत वाचा. दुरुस्तीचा ठराव करा, तो लेखी पाठवा आणि पोच घ्या. मग २ ऑक्टोबरला विचारा, झालं का? नाही झालं, तर का नाही झालं? आणि पावसाळ्याचे चार महिने पाळीवर रोज कोण जाणार, त्याचं नाव ठरवा. पाळीपाळीने घरं वाटून घ्या हवं तर.

तर मुलांनो, या रविवारी घरी विचारा : आपल्या तळ्याचा जागल्या कोण? उत्तर मिळालं, तर त्या माणसाला भेटा, त्याची माहिती तळेवहीत लिहा. उत्तर मिळालं नाही, तर १ मेच्या ग्रामसभेला बाबांचा हात धरून जा आणि हाच प्रश्न सरपंचांना विचारायला लावा. आणि हो, तुमच्या तळ्याची गोष्ट एका पानावर लिहून आम्हाला नक्की पाठवा. चित्रासकट!